नियमात बसत नाही

आमच्या विद्यापीठात शेरेकाकांना ओळखत नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे कुलगुरू. कुलगुरू दर पाच वर्षांनी बदलत, त्यामुळे त्यांच्या ओळखण्या-न ओळखण्याचं कुणी फारसं मनावर घेत नसे. बाकी शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना काका माहीत. आणि ज्या विद्यार्थ्यांची सरासरी तीनच्या खाली गेली, त्यांना तर ते स्वप्नातसुद्धा दिसत असावेत.

शेरेकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. फाईलच्या शेवटी साहेबांसाठी एका ओळीत जो अभिप्राय लिहितात, तो शेरा. पदव्युत्तर विभागात हा शेरा लिहिण्याचं काम अठ्ठावीस वर्षं काकांकडे होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकच शेरा लिहिला. "नियमात बसत नाही. सादर." दुसरा त्यांना येत नव्हता असं नाही. गरजच पडली नाही, असं ते म्हणत.

नियम साधा होता. एमए करा, एमबीए करा, कायदा शिका, फार्मसी शिका नाहीतर दातांचे डॉक्टर व्हा, चारपैकी तीन गुणांची सरासरी राखायची. एका सत्रात त्याखाली गेलात तर इशारा-पत्र. लागोपाठ दुसऱ्या सत्रात गेलात तर नियम सात ग, म्हणजे नाव कमी. नाव कमी झालेल्याने दहा दिवसांत निवेदन द्यायचं, आपल्यावर काय प्रसंग आला ते लिहायचं, आणि मग दर्जा समिती त्याचा विचार करणार. ही समिती म्हणजे आठ प्राध्यापक. महिन्यातून एकदा तिसऱ्या मजल्यावर बसायची.

निवेदन आलं की काका फाईल लावत. वर निकालपत्रक, खाली निवेदन, त्याखाली दाखले, शेवटी शेऱ्याचा कागद. चारही कडा टेबलावर ठोकून सारख्या करायचे, भोक पाडायचे, दोरी ओवायचे. ते करताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान असे की विद्यार्थ्याचं आयुष्य मार्गी लागलं की काय असं बघणाऱ्याला वाटावं.

मी अकरा वर्षांपूर्वी या विभागात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काका, निवेदन वाचायचं नाही का?"

"वाचायचं. समितीनं."

"आणि आपण?"

"आपण वाचलं की आपलं मत होतं. मत झालं की शेरा वाकडा जातो. आपलं काम सादर करायचं. निर्णय समितीचा."

"पण सगळ्यांना एकच शेरा?"

"अगं, नियमात बसला असता तर तो इथे आलाच कशाला असता?"

मी तेव्हा नवी होते, आणि माझ्या आयुष्यात इतकं पक्कं काही सांगणारा माणूस तोपर्यंत आला नव्हता. मी त्यांच्या हाताखाली भोकं पाडायला शिकले.

समितीच्या बैठकीला आमच्यापैकी कुणी जात नसे. उपकुलसचिव फाइलींचा गठ्ठा घेऊन आत जात आणि दोन तासांनी बाहेर येत. प्रत्येक फाईलवर सही, आणि इतिवृत्तात ठरलेलं वाक्य. "सखोल चर्चेअंती असे ठरले की, निवेदन अमान्य करण्यात यावे." काकांचा त्या 'सखोल' शब्दावर फार जीव. कुणी विद्यार्थी काउंटरवर येऊन रडायला लागला की ते काचेतल्या अर्धगोल भोकातून म्हणत, "बाळा, आत आठ विद्वान माणसं दोन-दोन तास बसतात. तुझं म्हणणं एकेक ओळ वाचतात. मी कोण? मी फक्त सादर करतो." त्यात खोटेपणाचा लवलेश नसे. माणूस खोटं बोलत असता तर मला इतका त्रास झाला नसता.

या माणसाचं डोकं फिरवलं ते फार्मसीच्या एका मुलीनं. तिचं नाव कमी झालं होतं, निवेदन अमान्य झालं होतं, आणि ती कागद परत घ्यायला आली होती. काकांनी नेहमीचं विद्वानांचं पालुपद सुरू केलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुम्ही स्वतः किती शिकलात?"

"बी.कॉम."

"म्हणजे पुढचं काहीच नाही."

"नाही."

"मग तीन म्हणजे काय ते तुम्हाला कसं कळणार?" असं म्हणून तिने पोचपावतीवर सही केली आणि गेली.

त्या दिवशी काका चहा घ्यायला उठले नाहीत. दुपारी एकदा म्हणाले, "उद्धट होती." चारच्या सुमाराला परत म्हणाले, "पण मुद्दा काढला होता." आणि पाच वाजता, टेबल आवरायच्या वेळी, स्वतःच्याच काउंटरखालून त्यांनी प्रवेशाचा एक फॉर्म काढून पिशवीत घातला.

लोकप्रशासनाचा दोन वर्षांचा संध्याकाळचा अभ्यासक्रम. विद्यापीठाच्या नोकरांना त्यात राखीव जागा होत्या, त्यासुद्धा नोकरीत असेपर्यंतच. काकांच्या रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं आणि चार महिने राहिले होते. म्हणजे एकदाही न अडखळता पार पडलं तर सेवेतल्या शेवटच्या पदवीदान समारंभात पदवी हातात. अडखळलं तर कधीच नाही.

पदवीदान हा काकांचा हळवा कोपरा होता, हे मला तेव्हा कळलं. दर वर्षी मंचाच्या मागे बसून पदव्यांच्या गुंडाळ्या यादीच्या क्रमाने लावून देण्याचं काम त्यांच्याकडे असे. समोर नाव पुकारलं जायचं, टाळ्या पडायच्या, आणि मागून काकांचा हात पडद्यातून गुंडाळी पुढे करायचा. अठ्ठावीस समारंभांत लोकांनी त्यांचा फक्त मनगटापर्यंतचा भाग पाहिला होता.

"एकदा पुढून बघायचंय कसं दिसतं ते," ते मला म्हणाले. आणि एवढं बोलल्याचीही लाज वाटून स्टेपलर शोधायला लागले.

घरी काकूंनी टिंगल केली. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, कुणाचं ऐकून घेतील अशा नव्हेत. "ह्या वयात दप्तर घेऊन निघालेत," त्या मला फोनवर म्हणाल्या. "परवा डबा मागितला, मी म्हटलं, पाण्याची बाटली गळ्यात अडकवू का?" पण इस्त्रीचं टेबल त्यांनी खिडकीखालून काढलं आणि तिथे काकांना अभ्यासाला जागा करून दिली. इस्त्री त्या जमिनीवर बसून करू लागल्या.

पहिल्या सत्रात काकांची सरासरी आली दोन पॉइंट नऊ एक.

निकाल सकाळी लागला. काकांनी यादी पाहिली, आपल्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब केलं, आणि बाकीच्या सतरा जणांबरोबर आपलंही इशारा-पत्र तयार केलं. 'आपणास याद्वारे कळविण्यात येते की.' जावक क्रमांक टाकला. आता पत्र विद्यार्थ्याच्या हातात देऊन पोच घ्यायची, असा नियम. काका उठले, दाराबाहेर गेले, कॉरिडॉरमधून वळसा घालून काउंटरच्या पलीकडच्या बाजूला येऊन उभे राहिले. मी डबा खात होते. पावणेदोन वाजले होते.

"काका, आत या ना, इथेच सही करा."

"दोनपर्यंत जेवणाची सुट्टी आहे," ते काचेपलीकडून म्हणाले.

"अहो, पण तुम्ही—"

"सावकाश जेव. घाई नाही."

पंधरा मिनिटं तो माणूस स्वतःच्याच खिडकीसमोर उभा राहिला. दोन वाजता मी हात धुऊन आले, पत्र भोकातून सरकवलं, त्यांनी वाचलं, पोच दिली, घडी घालून खिशात ठेवलं आणि वळसा घालून परत आत येऊन खुर्चीवर बसले. आम्ही दिवसभर हसत होतो. तेही हसले. पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी काउंटरच्या बाहेर एक बाक टाकून घेतला. म्हणाले, "उभं राहून पाय दुखतात गं. मला कल्पना नव्हती."

दुसऱ्या सत्रात त्यांनी जीव तोडून अभ्यास केला. चारपैकी तीन विषय उत्तम. चौथ्या विषयाचं नाव 'नियम आणि विवेक'. शिकवणाऱ्या बाई जेमतेम तिशीच्या. त्या एकेक प्रकरण द्यायच्या आणि विचारायच्या की तुम्ही अधिकारी असता तर काय केलं असतं. पुरात कागद वाहून गेलेली विधवा. मुदतीनंतर एका दिवसाने आलेला अर्ज. काकांनी पाच प्रकरणांची पाच उत्तरं लिहिली. प्रत्येकात नियम कोणता, पोटकलम कोणतं, सगळं बिनचूक. आणि पाचही उत्तरांच्या शेवटी, सवयीने म्हणा नाहीतर निष्ठेने, 'नियमात बसत नाही. सादर.'

बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'सादर कुणाला? इथे तुम्हीच अधिकारी आहात. स्वतःचे मत लिहा.'

तोंडी परीक्षेत ते गुण भरून निघाले असते, असं बाईच म्हणाल्या होत्या. पण तोंडी परीक्षेच्या दिवशी काकूंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. साधं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन चार तास चाललं. काका परीक्षेला गेलेच नाहीत. सरासरी आली दोन पॉइंट नऊ आठ.

मी काकूंना बघायला घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खिडकीखालच्या टेबलावर काकांच्या वह्या, प्रत्येकीला दोरी ओवलेली, कडा सारख्या केलेल्या. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, जीभ तशीच होती.

"माझं पोट काही ह्यांच्या सोयीनं दुखलं नाही बघ," त्या म्हणाल्या. मग काका चहा टाकायला आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांचं होईल ना गं काहीतरी? नवीन शर्ट शिवून ठेवलाय त्यांनी. समारंभासाठी. मला दाखवला नाही. कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलाय. मी बघितलाय हे त्यांना माहीत नाही."

"होईल काकू," मी म्हटलं. "कारण खरं आहे, दाखले आहेत. समिती विचार करेलच."

मला मनापासून तसं वाटत होतं. अकरा वर्षं मी काकांच्या हाताखाली उगाच नव्हते काढली.

काकांनी निवेदन लिहिलं. अकरा पानांचं. परिच्छेदांना क्रमांक, दाखल्यांना अक्षरं. फाईल त्यांनी स्वतःच लावली, पण शेऱ्याचा कागद कोरा ठेवून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"माझ्या फाईलवर मी शेरा लिहिणं बरं दिसणार नाही. तू लिही."

"काय लिहू?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता विचारला. "म्हणजे? जे लिहितो ते. माझी फाईल आहे म्हणून हात सैल सोडू नकोस. उद्या कुणी म्हणायला नको, आपल्या माणसाला सांभाळून घेतलं."

ते चहाला गेले. मी त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा एक निवेदन उघडलं. आठ पानं नुसती कलमं होती, वाचताना जांभई येईल अशी. नवव्या पानावर मात्र असं होतं:

'मी ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर बसलो होतो. हातात तोंडी परीक्षेच्या नोट्स होत्या. चार तास एकच पान उघडे होते. पत्नीस काही झाले तर पुढे काय करावयाचे याचा एकही नियम त्या चार तासांत मला आठवला नाही. परीक्षेची वेळ निघून जात आहे हे घड्याळात दिसत होते. उठावेसे वाटले नाही. हे कारण नियमात बसत नाही याची मला जाणीव आहे. तरी समितीने वाचावे म्हणून लिहिले आहे.'

मी पान मिटलं. मला भरून आलं होतं. आणि मग मी पेन उचललं आणि लिहिलं, 'नियमात बसत नाही. सादर.'

असं का केलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' एवढे तीन शब्द मलाही येत होते. थोडी भीती होती, थोडी हौसही होती की काकांनी बघावं, आपली शिकवण पोरीनं कशी उचलली. पण खरं कारण हे की माझा विश्वास होता. नववं पान वाचून कुणाचाही हात नकार लिहिणार नाही अशी माझी खात्री होती. माझ्या एका ओळीनं काय फरक पडणार? वाचणारे आठ विद्वान होते.

काका परत आले, शेरा पाहिला. "अक्षर सुधारलं तुझं," म्हणाले. मला बरं वाटलं. तेच आता आठवलं की कानशिलं तापतात.

त्या महिन्याच्या बैठकीला उपकुलसचिवांचे डोळे आले. गठ्ठा घेऊन आत कोण जाणार? काका स्वतः अर्जदार, त्यामुळे ते जाऊ शकत नव्हते. राहिले मी. काका तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्याबरोबर चढले आणि बैठकीच्या खोलीबाहेर अर्जदारांच्या बाकावर जाऊन बसले. फार्मसीची दोन मुलं आधीच बसली होती, त्यांनी सरकून जागा दिली.

आत लांबलचक टेबल, आठ खुर्च्या, आठ पाण्याचे ग्लास, मधे बिस्किटांच्या दोन बशा. अध्यक्ष म्हणजे दंतवैद्यकाचे प्रमुख, मायाळू गृहस्थ. मी उभी राहून पहिली फाईल पुढे केली आणि निवेदनाचं पान उघडून धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून अलगद घेतलं, सगळी पानं एका झटक्यात उलटून शेवटच्या कागदावर आले, आणि मला म्हणाले, "मॅडम, ह्या बाजूने उघडून देत चला. वेळ वाचतो."

एक्केचाळीस फाइली होत्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजता सुरू झालं ते अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी संपलं. त्यातही पाच मिनिटं चहा आला म्हणून गेली. शेरा, सही, पुढची. शेरा, सही, पुढची. काकांची फाईल तेविसावी होती. सही करून अध्यक्षांनी ती सरकवली तेव्हा माझा हात पुढे होईना.

"सर, जरा थांबता का? ह्यात अकरा पानांचं निवेदन आहे."

"असतंच."

"नववं पान तरी वाचा सर."

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, त्यांना नवल वाटलं. "अहो, शेरा तुमच्याच विभागाचा आहे ना? तुम्ही सगळं वाचून, पारखून लिहिता, नियमात बसत नाही. मग आम्ही कोण बसवणारे? इतक्या वर्षांत तुमच्या विभागाच्या शब्दाबाहेर ही समिती कधी गेलेली नाही. तुमचे ते शेरेकाका असताना आम्हाला कसलीच चिंता नसते."

"सर, ही शेरेकाकांचीच फाईल आहे."

कुणीतरी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.

"अरेरे," अध्यक्ष म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "आधी सांगायचं ना! 'विचार व्हावा' एवढं लिहिलं असतं तर केला असता विचार. आता सही झाली. आणि खाली त्यांच्याच विभागाचा शेरा. आता खोडलं तर लोक म्हणतील, घरच्याला सोडलं. त्यांनाच आवडायचं नाही ते. नियमाचा माणूस." आणि त्यांनी चोविसावी फाईल स्वतःच ओढून घेतली, शेवटच्या बाजूने.

माझ्या पायाखालची जमीन सरकली ती काकांच्या एका फाईलमुळे नव्हे. अठ्ठावीस वर्षं काकांनी निवेदनं वाचली नाहीत, कारण ती समिती वाचत होती. अठ्ठावीस वर्षं समितीने वाचली नाहीत, कारण ती काका वाचत होते. आणि मधल्या काळात कितीतरी पोरापोरींनी रात्रंदिवस खपून आपलं दुःख लिहून दिलं होतं, आम्ही त्याच्या कडा सारख्या करून दिल्या होत्या.

फाइली संपल्यावर समितीने खरी चर्चा सुरू केली. नव्या इमारतीखाली गाड्या लावायच्या जागा वाटल्या गेल्या होत्या, आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रमुखांच्या वाट्याला उन्हातली जागा आली होती. त्यावर दीड तास गेला. ही चर्चा मात्र सखोल झाली. नकाशा आणला गेला, जुनी पत्रं वाचली गेली, अक्षरन् अक्षर. वनस्पतिशास्त्राचे सर उभे राहून टेबलावर हात आपटून म्हणाले, "हा अन्याय आहे! इतकी वर्षं इमाने इतबारे सेवा केलेल्या माणसाला ही वागणूक?" दोघातिघांनी त्यांची बाजू घेतली. एक वाजता मी गठ्ठा उचलून बाहेर आले.

बाकावर काका एकटेच उरले होते. मुलं कंटाळून गेली असावीत. मला बघून ते उठले आणि विद्यार्थी उभे राहतात तसे उभे राहिले.

"नामंजूर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "वाचलं का त्यांनी?"

अकरा वर्षांत काकांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. मी खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते दाराकडे बोट दाखवून हळू आवाजात म्हणाले, "मोठमोठ्याने आवाज येत होते. कुणीतरी म्हणालं, हा अन्याय आहे. इमाने इतबारे सेवा केलेला माणूस, असं काहीतरी. माझ्यावरूनच चाललं होतं ना ते?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून माझं धाडस संपलं.

"हो," मी म्हटलं. "तुमच्यावरूनच."

"दीड तास?"

"दीड तास."

"नववं पान?"

"दोनदा वाचलं सरांनी."

काकांचे डोळे भरले. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. "मग ठीक आहे," म्हणाले. "मग निर्णय बरोबर आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस, शेरा योग्यच होता." माझ्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं आणि तिथेच जिन्यात उभं राहून घरी फोन लावला.

"अगं, नाही झालं," ते म्हणाले. पलीकडून काकू काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. "नाही, नाही, रडायचं काय त्यात. ऐक तर. दीड तास भांडले माझ्यासाठी. दीड तास! एक प्राध्यापक टेबलावर हात आपटून... हो, माझ्यासाठीच. बाहेर ऐकू येत होतं, शपथ." मग बराच वेळ ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "शर्ट? तुला कसं कळलं?"

मी विभागात जाऊन इतिवृत्त टाइप केलं. सखोल चर्चेअंती असे ठरले की. एक्केचाळीस वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर नर्सिंगची एक मुलगी आली. नियम सात ग. वडील दवाखान्यात होते, तिच्या हातात दाखले होते, आणि ती इतकी रडत होती की तिला नाव नीट सांगता येईना. मी उठणार तोवर काका उठले. काचेच्या भोकातून न बोलता ते वळसा घालून बाहेर गेले आणि बाकावर तिच्या शेजारी बसले. असं त्यांनी याआधी कधीच केलं नव्हतं.

"रडू नकोस बाळा," ते म्हणाले. "मी तुला नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. आत फार बारकाईने वाचतात. मी स्वतः अनुभव घेतलाय, कालच. शेवटी हो म्हणोत नाहीतर नाही म्हणोत, पण तुझं म्हणणं वाया जाणार नाही. जे मनात असेल ते सगळं लिही. हात आखडू नकोस."

मुलीने डोळे पुसले. तिचा चेहरा थोडा उजळला. "किती पानं लिहिली तर चालतील?" तिने विचारलं.

काका काचेतून माझ्याकडे बघून हसले. "हिला कागद दे गं," म्हणाले. "भरपूर दे."